दोरीवरचा साप आणि मण्यारीचे विष

श्रावण शुद्ध पंचमीस घरोघर पाटावर नाग रेखाटून दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखविला जातो. गृहिणी त्या दिवशी चिरीत नाहीत, तवा चढवीत नाहीत, पुरणाची दिंडे उकडतात. शेतकरी जमीन खणीत नाही. ही श्रद्धा आम्हांस प्रियच आहे. परंतु या सुमारास कीर्तन आटोपले की श्रोत्यांपैकी कोणी तरी विचारतोच, ‘बुवा, भाव दृढ असेल तर विष उतरते काय?’

अर्धे उत्तर वेदान्तात आहे. अंधारात दोरीवर साप भासतो. साप खोटा, पण छातीची धडधड खरी, अंगाला सुटलेला घामही खरा. आद्य शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात याच्याही पुढे जातात. विष बाधलेच नसता, केवळ त्याच्या शंकेने मरण ओढवल्याचे आढळते, असा दाखला ते देतात. समजुतीचा देहावर परिणाम होतो, हे आचार्य जाणत होते. धामण किंवा दिवड चावलेला मनुष्य भयाने गळाठतो आणि देवळाच्या ओट्यावर अंगारा लागताच उठून बसतो. उतरते ती भीती. तेही थोडे नव्हे! पण हे सर्प मुळात बिनविषारी, आणि गावात बोलबाला होतो तो विष उतरल्याचा.

आता उरलेले अर्धे. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्यास दंश करते. पुष्कळदा वेदना होत नाही, खूणही दिसत नाही. त्याच्या मनी ना शंका, ना भय. तरी पहाटे पापण्या मिटू लागतात, श्वास अडतो. आचार्यांच्या दाखल्यातला मनुष्य विषावाचून मेला, हा शंकेवाचून मरतो. सन २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे.

संशय म्हणजे पाप, असे मानणाऱ्यांनी न्यायशास्त्र पाहावे. गौतमांच्या सोळा पदार्थांत संशयाला प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगोलग स्थान आहे. आणि ‘श्रद्धा’ शब्दातील ‘श्रत्’ निघंटूत सत्याच्या नामांमध्ये दिला आहे.

तेव्हा दंश झाल्यास चिरा देऊ नये, करकचून बांधू नये, तो अवयव हलवू न देता तडक रुग्णालय गाठावे. प्रतिविष तेथे मिळते. अंगारा लावावयाचाच तर गाडीत लावावा. घरच्या वडीलधाऱ्यांनी वाटेत नाम घ्यावे. घाबरलेल्याचे चित्त त्याने स्थिरावते, आणि त्यासाठी गाडी थांबवावी लागत नाही.