राखेचा हिशेब आकाशातून

इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा जोडून सुट्टी आली की उटीचा बेत ठरतोच. म्हैसूर, गुंडलुपेट मागे पडलं की बंदीपूरचं जंगल सुरू होतं. गाडीचा वेग कमी होतो आणि मुलं काचेला नाक लावून हत्ती शोधू लागतात. कदाचित तुम्हीही या रस्त्याने गेला असाल.

२०१९च्या फेब्रुवारीत हेच जंगल पेटलं होतं. २१ ते २५ फेब्रुवारी, असे पाच दिवस. वाळलेलं गवत आणि घाणेरीची माजलेली झुडपं यांना वाऱ्याची साथ मिळाली. वनकर्मचारी आणि स्वयंसेवक दिवसरात्र आगीशी झुंजत होते. शेवटी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून पाणी ओतावं लागलं.

आग विझली, पण एक प्रश्न उरला. नेमकं किती जंगल जळलं?

मोजायचं कसं?

धुरात उभ्या माणसाला समोरचा उतार दिसतो, डोंगरापलीकडचा दिसत नाही. राखेतून चालत सगळं मोजायचं तर आठवडे लागतील. इथे कामाला आले उपग्रह. इस्रोच्या हैदराबादमधल्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने उपग्रहचित्रांवरून हिशेब मांडला. जळालेलं क्षेत्र निघालं सुमारे १५,४०० एकर.

आकडा डोळ्यांपुढे येत नाही ना? मग असं बघा. 'केओनिक्स' या सरकारी कंपनीने १९७०च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक सिटी वसवायला घेतली, ती ३३२ एकरांवर. तशा ४६ वसाहती मावतील एवढं जंगल पाच दिवसांत काळं पडलं.

उपग्रहाला काय दिसतं?

हिरवं पान आपल्याला हिरवं दिसतं, पण ते आणखी एक प्रकाश भरपूर परतवतं. तो म्हणजे 'निकट अवरक्त'. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, उपग्रहाच्या कॅमेऱ्याला दिसतो. पान जळालं की हा प्रकाश एकदम घटतो. उलट, 'लघुतरंग अवरक्त' नावाचा दुसरा प्रकाश वाढतो, कारण तो शोषून घेणारा पानातला ओलावा निघून गेलेला असतो.

एक घटतो आणि दुसरा वाढतो, यावरच सगळं गणित उभं आहे. दोन्हींची वजाबाकी करायची आणि तिला दोन्हींच्या बेरजेने भागायचं. सातवीतल्या मुलालाही जमेल. समजा, हिरव्या जंगलात हे आकडे ०.४० आणि ०.१० आहेत, तर उत्तर येतं ०.६०. जळल्यावर ते ०.१२ आणि ०.२० झाले, तर उत्तर शून्याच्याही खाली जातं. आगीआधीचं आणि आगीनंतरचं अशी दोन चित्रं घेऊन हा फरक काढला की जळालेला भाग वेगळा उठून दिसतो. फरक जितका मोठा, तितकी होरपळ जास्त.

युरोपच्या 'सेंटिनेल-२' उपग्रहांची चित्रं यासाठी फार उपयोगी पडतात आणि ती सगळ्यांना मोफत मिळतात. या मोजणीत त्यांची एक चौकट जमिनीवरच्या २० मीटर बाय २० मीटर तुकड्याएवढी असते. अशा दहा चौकटी म्हणजे साधारण एक एकर. मग फक्त चौकटी मोजायच्या!

आग वेगळी, राख वेगळी

यात एक घोटाळा नेहमी होतो. पेटलेली आग शोधणं हे वेगळं काम आहे. त्यासाठी दुसरे उपग्रह जमिनीची उष्णता टिपतात आणि डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण वनखात्याला मोबाइलवर इशारा धाडतं. ती झाली धावाधाव करण्याची वेळ. राखेचा नकाशा त्यानंतरचा.

मग विझल्यावर नकाशा कशाला? कारण जाळरेषा कुठे अपुरी पडली, हे तो दाखवतो. दरवर्षी तोच उतार पेटतो का, कुठे पुन्हा घाणेरी माजण्याआधी लक्ष द्यायला हवं, हेही त्यावरून कळतं. पुढच्या उन्हाळ्याची तयारी याच नकाशावरून करता येते.

मात्र आकाशातल्या डोळ्यालाही मर्यादा आहेत. ढग आले की चित्र झाकलं जातं. दाट झाडांखाली नुसता पालापाचोळा जळाला तर तो निसटतो. पाऊस पडून कोवळं गवत उगवलं की राखेची खूण पुसली जाते. म्हणून चित्र वेळेवर घ्यावं लागतं आणि प्रत्यक्ष जंगलात जाऊन पडताळावंही लागतं.

आणि काडी कोणी टाकली, हे काही उपग्रह सांगत नाही. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. कुठे मोहफुलं वेचायला पाला जाळलेला असतो, कुठे बांध पेटवलेला, तर कुठे गाडीतून विडीचं थोटूक फेकलेलं.

पुढच्या सुट्टीला बंदीपूरमधून जाताना मुलांना ही गोष्ट नक्की सांगा. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानतात. त्या काळात गावी गेलात आणि जंगलात धूर दिसला, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. उपग्रह डोक्यावर येईपर्यंत वेळ जातो, तुम्ही तर तिथेच उभे असता.