तरफेच्या बंदुकीचे निदान

बडोदे आणि बंदूक हे शब्द एका वाक्यात आले की ऐकणाऱ्याचे मन मल्हारराव महाराजांच्या सोन्याच्या तोफांकडे धावते; माझ्यासमोर मात्र सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापन केलेले कलाभवन उभे राहते, कारण यंत्रविद्या आणि रसायनशास्त्र देशी भाषांतून शिकवता येते, हा प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह तेथे प्रत्यक्षात उतरला. त्या आग्रहाला स्मरून, वाडवडिलांपासून परवान्यावर चालत आलेली एखादी तरफेची रायफल काडतूस घेताना का अडते, याची मीमांसा मराठीतच करण्याचे योजिले आहे.

चापाभोवतीच्या कड्याला जोडलेली तरफ खाली लोटली की बोल्ट मागे सरतो, त्याचा आकडा रिकामी पुंगळी ओढून बाहेर टाकतो आणि घोडा चढतो. नळीखालच्या लांब नळकांड्यातून कमानीच्या रेट्याने आलेले काडतूस एका पट्टीवर उचलले जाते. आणि तरफ परत ओढली की बोल्ट ते नळीच्या मुळाशी असलेल्या कोठीत ढकलतो. १८६० च्या हेन्री रायफलीत सोळा काडतुसे मावत, परंतु ती पुढच्या तोंडाकडून भरावी लागत आणि नळकांड्याच्या उघड्या फटीतून धूळ आत शिरे. १८६६ च्या विंचेस्टरने उजव्या बाजूस कमानीची झडप बसवून हा दोष दूर केला. झडपेची कमान फार ताठ असली किंवा तिची कड धारदार राहिली, तर अंगठा सोलून निघतो आणि काडतूस अर्ध्यावर अडते. पण हा दोष डोळ्यांना दिसतो, म्हणून तो क्षुल्लक समजावा.

खरी पंचाईत होते ती न दिसणाऱ्या दोषांची, आणि त्यांत अग्रपूजेचा मान बंदुकीला नव्हे, तिच्या धन्याच्या हाताला द्यावा लागतो. जुना जिन्नस आहे, मोडेल, या धास्तीने मनुष्य तरफ हळूहळू, जणू देवघराचे दार लोटावे तशी चालवतो. तिचा शेवटचा दोन बोटांचा प्रवास राहून जातो, आणि नेमक्या त्याच प्रवासात पुंगळी बाहेर फेकली जाणे व नवे काडतूस पूर्ण वर येणे ही कामे व्हायची असतात. मग पुंगळी आत, काडतूस तिरपे, आणि मालक अंगण वाकडे असल्याची तक्रार करत कारागिराच्या दारी उभा! तरफ जोर न लावता, पण निःसंकोचपणे, थेट अखेरपर्यंत गेली पाहिजे; या यंत्रात मनुष्याचा हात हाच एक सुटा भाग आहे, असे म्हटले तरी चालेल.

हात निर्दोष ठरला तर संशय काडतुसावर घ्यावा. १८७३ च्या विंचेस्टरमध्ये काडतूस उचलणारा ठोकळा उभाच्या उभा वर जातो, आणि मागच्या काडतुसाला रोखून धरणारी वेगळी अडणी तेथे नाही. पहिल्या काडतुसाची लांबी हीच दुसऱ्याची वेस. काडतूस किंचित आखूड असले तर दुसऱ्याची कड ठोकळ्याच्या हद्दीत घुसते, किंचित लांब असले तर त्याचेच नाक नळकांड्यात राहते, आणि दोन्ही प्रसंगी ठोकळा वर येण्यास साफ नकार देतो. सुदानात १८८५ च्या जानेवारीत अबू क्लियाच्या लढाईत इंग्रजांच्या मार्टिनी-हेन्री बंदुका अडल्या, तेव्हाही पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली पुंगळीच घातक ठरली होती. ती बंदूक एकबारी. तिला तरफ असली तरी नळकांडे नव्हते. पण दोषारोपाची ही शिस्त तिलाही लागू पडते.

यानंतर झिजेचा विचार. पुढच्या पद्धतींत मागचे काडतूस थोपवणारी अडणी वेगळी असते. ती अथवा उचलपट्टी वर्षानुवर्षांच्या घर्षणाने झिजली की एकाऐवजी दोन काडतुसे सरकतात, दुसरे पट्टीखाली शिरते आणि तरफ ना खाली जाते ना वर. येथे बळ लावणे म्हणजे दुखण्याला आमंत्रण. उलट, काडतूस पुढे येतच नसेल तर नळकांड्याची कमान मेली आहे, नळकांड्यास पोचा पडला आहे, किंवा बडोद्याच्या विश्वामित्री नदीकाठच्या दमट पावसाळ्यांत तेल घट्ट होऊन त्याची राळ झाली आहे, असे समजावे. तेलाचा अतिरेक करणाऱ्या निगेखोरांच्या घरी हा विकार मी अधिक संभवनीय मानतो.

नळकांड्यात काडतुसे एकामागे एक असतात, म्हणजे प्रत्येकाचे नाक पुढच्याच्या बुडातील स्फोटक टोपीला टेकलेले असते. तेथे टोकदार कठीण गोळी भरणे हा अविचार होय. १८९५ च्या विंचेस्टरला नळकांड्याऐवजी पेटी आली आणि हे भय गेले. बंगळूरचे शिकारी केनेथ अँडरसन यांची प्रसिद्ध .४०५ रायफल हीच. पण पेटीत कंगोरेदार काडतुसे भरताना वरच्याचा कंगोरा खालच्याच्या मागे अडकला तर तीही रुसते.

निदान घरी करावे, चिकित्सा मात्र नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमाप्रमाणे दुरुस्तीचा व्यवसायही परवान्याच्या अमलाखाली येतो, म्हणून कानस हाती न घेता परवानाधारक कारागिराकडे जावे, आणि परीक्षेसाठी दारू व टोपी नसलेली नकली काडतुसेच वापरावीत. तत्पूर्वी नळी निर्धोक दिशेस धरून बंदूक रिकामी करावी आणि निघालेली काडतुसे मोजावीत. सहा भरली आणि पाच निघाली, तर सहावे त्या पोचा पडलेल्या नळकांड्यात अजून दबा धरून बसलेले आहे.