सीतेच्या आडोशाने

पौड सोडून ताम्हिणीच्या वाटेवर एका घरी पाणी प्यायला थांबले होते. पडवीत जात्याचा वरचा दगड भिंतीला टेकवून ठेवलेला, खुंट्याच्या भोकात कुणीतरी उदबत्ती खोचलेली. ‘आता हळदीपुरतंच निघतं ते,’ घरच्या आजी म्हणाल्या. भावकीत लग्न निघालं की धुवायचं, सुपारी बांधायची, हळकुंडं भरडायची आणि पुन्हा भिंतीला उभं करायचं. मी म्हटलं, ‘आजी, एखादी ओवी म्हणा की.’ त्या हसल्या. ‘म्हणू कशी बाई? हात फिरल्याबिगर तोंडाला येत न्हाय.’ मग बसल्या जागी त्यांनी जमिनीवर उजवा हात गोल फिरवायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या फेरीला ओवी आली. सीतेची होती.

मुळशीतल्या बायकांनी दुःखाचं काय केलं याचा माग काढायचा तर तो अशा हाताने काढावा लागतो. कागदावर तो फार उशिरा उमटला. या तालुक्याचं नाव इतिहासात आलं ते 1921 च्या सत्याग्रहामुळे. टाटा कंपनीच्या धरणाखाली मावळ्यांची गावं जाणार म्हणून त्या वर्षी रामनवमीला लोक धरणाच्या कामाच्या जागी जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात ‘सेनापती’ झाले. लढा 1924 पर्यंत रेटला गेला. जमिनीचे बरेच मालक पुण्यात राहणारे सावकार होते, त्यांना अखेर मोबदल्यात रस उरला. कसणारी कुळं मात्र उठली ती उठलीच. या लढ्यात बायकाही उतरल्या होत्या, पण पोवाडे आणि भाषणं झाली ती पुरुषांची. भाताचं खाचर गेलं म्हणजे बाईचं नेमकं काय गेलं, हे त्या वेळी कुणी तिला विचारून टिपून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही. सांगायचं असेल ते ती पहाटे जात्याशी सांगत असणार.

त्याच काळात इथून दिवसभराच्या बैलगाडीच्या अंतरावर, पुण्यात, शिकलेल्या बायका छापून बोलू लागल्या होत्या. पण कशा? 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक आलं. प्रौढ, अविवाहित, मिळवत्या मुलींच्या मनातलं त्यात इतकं उघडं होतं की गहजब झाला, आणि लेखिका ‘विभावरी शिरूरकर’ म्हणजे कोण याचा शोध सुरू झाला. पुढे मालती बेडेकर म्हणून आपण ओळखतो त्या बाईंना खरं बोलण्यासाठी खोटं नाव घ्यावं लागलं. आणखी पन्नास वर्षांनी, फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन आलं. किराणा दुकानात बसून, नवऱ्याच्या नजरेआड त्या लिहीत आणि कागद लपवून ठेवत. दोघींची जात, शाळा, घर, सगळं वेगळं. आडोसा मात्र दोघींना लागला.

मुळशीतल्या बाईकडे टोपणनाव नव्हतं, लपवायला कागदही नव्हता. तिच्याकडे सीता होती.

ओवीतली सीता कीर्तनातल्या सीतेपेक्षा बरीच वेगळी आहे. ती राजाची राणी कमी आणि घराबाहेर काढलेली सून जास्त. आपल्याकडच्या लोकगीतांत एक कथा फिरते: कैकेयी सीतेला रावणाचं चित्र काढायला सांगते. सीतेने लंकेत मान वर करून त्याच्याकडे पाहिलेलंच नाही, म्हणून तिला पायाचा अंगठा तेवढा काढता येतो. उरलेला रावण कैकेयी पुरा करते आणि रामाला नेऊन दाखवते. बघा, कसं बेतलं आहे. संशय घेणारा राम, पुरावा घडवणारी सासू, आणि सूनबाईचा गुन्हा काय, तर मान खाली घातली हा. ज्या घरात दळणारी बसली आहे त्याच घरात, भिंतीपलीकडे सासू जागी असताना, हे मोठ्याने गाता येतं. कुणी टोकलं तर म्हणायचं, देवाचं म्हणते आहे.

या ओव्या कुणी गोळा केल्या ते आता बरंच माहीत झालं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ हे दोघे समाजाचे अभ्यासक ऐंशीच्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगराळ गावांत ‘गरीब डोंगरी संघटने’चं काम करत होते. गी जन्माने फ्रेंच. याच माणसाने ‘जिणं आमुचं’ फ्रेंचमध्ये नेलं. काम होतं गरिबांच्या संघटनेचं. ओव्या हाती आल्या त्या वाटेत. बैठकीत विचारलं की गप्प बसणाऱ्या बायका ओवीच्या आधाराने बोलतात, हे लक्षात आल्यावर त्या नेटाने उतरवून घेणं सुरू झालं. गावच्याच बायका सोबत हिंडल्या, म्हणून दारं उघडली. मुळशीत सुरू झालेलं हे काम पुढे महाराष्ट्रभर हजाराहून अधिक गावांत पोचलं, ओव्यांची संख्या लाखावर गेली. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्यामुळे आवाजही टेपवर आले.

त्या टेपा ऐकण्यासारख्या आहेत, आणि शब्दांइतकंच मागच्या आवाजासाठी. दगडाची घरघर सारखी चालू असते. घास टाकायला हात उचलला की ती किंचित मंदावते आणि आवाजही तिथेच रेंगाळतो. एक बाई अर्धी ओळ सोडते, समोरची ती उचलून पुरी करते. मध्ये ‘बाई गं’ येतं, श्वास घेण्यापुरतं. प्रत्येकीची चाल निराळी, तिला त्या ‘गळा’ म्हणतात. ओवी आईकडून आलेली, पण गळा आपला.

ओवी म्हणजे मन मोकळं करण्याची जागा, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं. मोकळं झालेलं मन दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा त्याच खुंट्याला बांधलं जाई. खरी गंमत त्या अर्ध्या ओळीत आहे. समोरची बाई ती पुरी करते म्हणजे तिने ऐकलं, ओळखलं आणि स्वतःचं घातलं. दुःख एकटीचं राहत नाही, आणि सांगावं तर कुणाचं म्हणून सांगितलेलंही नाही.

पण ओव्यांत फक्त बंडखोरी शोधायला जाणाऱ्याची निराशा होईल. मुलाचं कौतुक ढीगभर आहे, लेकीच्या जन्माचा कष्टी सूरही आहे. कुंकवाची थोरवी आहे. भाऊ तर इतका देखणा की वाचून शंका यावी. वर्षातून एकदा न्यायला येणाऱ्याबद्दल चांगलंच बोलावं लागतं. राईरकर-पॉइतवाँ यांनी हे काही गाळलं नाही, हे मला मोठं वाटतं. 1993 च्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात शेतकरी बायका स्वतःच्या जगण्यावर बोलताना दिसतात. जे जात्यावर गायचं ते दिवसाउजेडी, गोल करून बसून, बोलायचं. सीतेच्या आडून एक पाऊल पुढे यायचं.

त्यांनी आणखी एक केलं. जुन्या संग्रहांत, साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’मध्येही, ओव्या विषयवार लागलेल्या असतात: आई, माहेर, भाऊ. इथे विषय आहेतच, पण ओवीला गाणारीचं नाव जोडलं, गाव जोडलं. गी 2004 मध्ये गेले, हेमाताई 2010 मध्ये. 2017 पासून हा साठा ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ लोकांसमोर मांडत आहे. तिथे गाणारीचं वय, काम, किती लेकरं हेही लिहिलेलं असतं. भाताची लावणी करणारी, पाच लेकरांची आई, आणि वर तिची ओवी. गावोगाव गिरण्या आल्या, जाती भिंतीला लागली, आणि नेमक्या त्याच वर्षांत ओवीला नाव मिळालं. आडोसा मोडला तेव्हा माणूस दिसलं. पण तोवर गाणं थांबत आलं होतं.

आज याच तालुक्यात हिंजवडी आहे, काचेच्या इमारती आहेत, रात्रपाळीच्या गाड्या आहेत. पडवीतल्या त्या आजींची नातही तिकडेच कामाला जाते. ती परतली तेव्हा मी वही काढून आजींना विचारलं, ‘नाव लिहू का तुमचं?’

‘कशाला? ओवी काय माझी हाय का?’

मी पेन थांबवलं. त्या थोडा वेळ बोटाने जमिनीवर तसाच गोल काढत राहिल्या. मग त्यांनी नाव सांगितलं. नवऱ्याचं नाव न लावता, नुसतं आपलं. आणि पुढे गाव सांगितलं ते माहेरचं.

नातीने वहीत डोकावलं. ‘आजी, तू इथं पन्नास वर्षं राहतेस. ताई, इथलं गाव लिहा.’

आजींनी तिला हाताने गप्प केलं आणि मी लिहीत असलेल्या ओळीवर नजर ठेवून बसल्या. वाचता येत नसलं, तरी.