चवीने : एका इंग्रजी शब्दाचा पाठलाग

अण्णा गेले, त्याआधीचे वर्षभर त्यांची एकच तक्रार असे : ‘तोंडाला चव नाही.’ तपासण्या झाल्या, त्यात काही निघाले नाही. पुढे माझ्या ध्यानात आले, की ते फक्त जेवणाबद्दल बोलत नव्हते. वर्तमानपत्र दोन मिनिटांत बाजूला पडे. बागेतली चक्कर बंद झाली होती. कुणी भेटायला आले तर ‘बसा’ म्हणून गप्प. घरातले म्हणत, अण्णांचा उत्साह गेला. मला ते पटत नसे. अण्णा उत्साही असे कधी नव्हतेच. माणूस संथ; पण जे करायचे ते चवीने. आमची श्रीगोंदा तालुक्यात लिंबाची थोडी बाग आहे. तोड झाल्यावर लिंबे निवडायला बसले, की एकेक फळ हातात फिरवून बघत. त्यांचे जे गेले होते त्याला नाव काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यामागे लागला.

उत्तराची पहिली खूण परक्या भाषेत सापडली. बर्ट्रांड रसेल यांच्या १९३० सालच्या ‘द कॉन्क्वेस्ट ऑफ हॅपिनेस’ या पुस्तकात ‘झेस्ट’ नावाचे एक प्रकरण आहे. माझे इंग्रजी कोश शेजारी ठेवून वाचण्याइतपतच. कोशात ‘उत्साह’ हा अर्थ मिळाला आणि मी तो लावून वाचू लागलो. पण दुसऱ्याच परिच्छेदात अडलो. कारण रसेल सुरुवात करतात ती जेवणाच्या पंगतीपासून. पानावर बसलेली माणसे ते दाखवतात : एकाला जेवण म्हणजे रोजचा कंटाळा, एक आजारी आहे म्हणून कर्तव्य समजून गिळतो, एक चोखंदळ असल्याने नाक मुरडतो, एक अधाशासारखा तुटून पडतो, आणि एक असा, की चांगली भूक घेऊन बसतो, आनंदाने जेवतो आणि पोट भरले की उठतो. जेवणाच्या बाबतीत हा शेवटचा माणूस जसा, तसा जगण्याच्या बाबतीत ज्याच्याकडे झेस्ट आहे तो. सुखी माणसाची सर्वांत मोठी खूण ते हीच मानतात. इथे ‘उत्साह’ कसा बसणार? भुकेल्या माणसाला आपण उत्साही म्हणत नाही.

शब्दाचे मूळ पाहिले तेव्हा उलगडा झाला आणि हसूही आले. झेस्ट म्हणजे लिंबाची किंवा संत्र्याची साल! सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तो पेयाला वास यावा म्हणून टाकायच्या सालीच्या तुकड्यासाठी. फ्रेंचच्या मागे त्याचा माग लागत नाही. अठराव्या शतकात आधी ‘चव आणणारी गोष्ट’ आणि मग ‘मनापासून घेतलेली गोडी’ असा अर्थ सरकत गेला. इंग्रजी पाककृतींत तो आजही मूळ अर्थाने नांदतो : सालीचा वरचा रंगीत थर तेवढा किसून घ्यायचा, खालचा पांढरा कडवट भाग सोडायचा. त्या वरच्या थरात तेलाचे बारीक कोश असतात. नखाने साल खरवडली की वास सुटतो तो त्यांचाच. रस पोटात असतो. फळाची ओळख मात्र सालीत. आपल्या कागदी लिंबाची साल नावाप्रमाणेच इतकी पातळ, की किसायला गेले तर बोटच सोलायचे. पण सालीचा गुण आपल्याकडे ठाऊक नाही असे नाही. लिंबाचे लोणचे सालीसकटच घालतात आणि ती साल मुरली तरच त्याला लोणचे म्हणतात.

इंग्रजीत या शब्दाला एक सख्खा भाऊही आहे. ‘गस्टो’ हा शब्द इटालियनमधून आला आणि त्याचे लॅटिन मूळ आहे ‘चव’. उलट ‘एन्थुझिअ‍ॅझम’चे मूळ ग्रीक, अंगात देवाचा संचार होणे हा त्याचा पहिला अर्थ. म्हणजे इंग्रजीतही दोन कुळे आहेत : एक अंगात येण्याचे, दुसरे जिभेवर येण्याचे. आपण दोन्हींना सरसकट ‘उत्साह’ म्हणतो, तिथे गफलत होते.

मग मराठीची पेटी उघडून पाहिली. ‘उत्साह’ संस्कृत. भरताच्या नाट्यशास्त्रात तो वीररसाचा स्थायीभाव आहे. त्याला पुढ्यात काही पराक्रम, निदान एखादे काम तरी लागते. ‘जोश’ फारसी, मूळ अर्थ उकळी; आणि उकळी ओसरतेच. ‘उमेद’ही फारसी, म्हणजे आशा, तिची नजर उद्याकडे. म्हणून तर निवडणुकीला उभा राहतो तो ‘उमेदवार’. ‘हौस’ अरबीतून फारसीमार्गे आली. तिच्या मुळाशी वासना आहे आणि तिला मोल नाही हे आपण म्हणतोच. ‘हुरूप’ बहुधा दुसऱ्याच्या शब्दाने येतो. पाठीवर थाप पडली की येतो, टोमणा बसला की जातो. ‘जोम’ माणसाइतकाच पिकालाही असतो. फारसी ही दरबाराची भाषा होती, आणि १४९० ते १६३६ या काळात निजामशाही ज्या मुलखात नांदली त्या आमच्या नगरच्या शेतकऱ्याच्या तोंडी हे शब्द आज परके वाटत नाहीत. पण यांतला एकही शब्द अण्णांना लागू पडेना.

लागू पडणारे शब्द दुसऱ्याच फडताळात होते, स्वयंपाकघराच्या. वाचनाची ‘गोडी’ लागते. राजकारणात ‘रस’ असतो. गप्पांना ‘लज्जत’ येते. ‘रुची’ तर जिभेचीही आणि मनाचीही. आणि या सगळ्यांत साधा शब्द ‘चव’. त्याहून नेमके त्याचे रूप ‘चवीने’. चवीने खाणे, चवीने वाचणे, चवीने गोष्ट सांगणे. यात धावपळ नाही, पराक्रम नाही, उद्याची वाट पाहणे नाही. समोर आहे त्याचा स्वाद आत्ता घेणे आहे. रसेलच्या पंगतीतला तो शेवटचा माणूस चवीने जेवतो, एवढेच. म्हणजे अण्णा वर्षभर जे सांगत होते, त्यातच मी शोधत असलेला शब्द होता. त्यांनी निदान बरोबर केले होते. आम्ही त्याचे चुकीचे भाषांतर करून उत्साहवर्धक गोष्टी सांगत बसलो.

ही चव जाते कशाने? रसेल आजारपण सांगतात, थकवा सांगतात आणि सुधारलेल्या समाजात मनाला पडणारी बंधने सांगतात. मला यावर आमच्या बागेची भाषा सुचते. लिंबाला वर्षात तीन बहर : आंबिया, मृग आणि हस्त. हस्तात फूल धरले तर फळ ऐन उन्हाळ्यात, भाव असताना हाती येते. म्हणून सगळ्यांचा डोळा त्यावर. ‘बहार’ म्हणजे फारसीत वसंत. आपल्याकडे तो झाडालाही येतो आणि मैफलीलाही. पण झाडाला बहर आणायचा तर आधी पाणी तोडून ‘ताण’ द्यावा लागतो आणि वेळेवर तो ताण सोडावाही लागतो. हस्ताचा ताण ऐन पावसाळ्यात साधावा लागतो, म्हणून तो सर्वांत अवघड. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘साई शरबती’सारखे चांगले वाण दिले, पण ताण किती द्यायचा हे शेवटी झाडाकडे बघूनच ठरवावे लागते. पाने मलूल होऊन थोडी गळाली, की पाणी द्यायचे. तिथे चुकले तर बहर राहतो बाजूला, फांदीच वाळते. माणसांच्या बाबतीत हा हिशेब आपण ठेवत नाही. आईच्या माघारी अण्णांना एकट्याने किती ताण बसला, हे आम्ही पाहिले नाही. पाने गळताना मात्र दिसली.

शब्द सापडल्यावर एक बदल मी केला. ‘उत्साह धरा’ म्हणणे सोडले. त्या उन्हाळ्यात हस्ताच्या तोडीतली पाच-सहा लिंबे आणून त्यांच्या उशाशी ठेवली, बोललो काही नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी एक उचलले, नखाने साल खरवडली, नाकाशी नेली, दाबून पाहिले.

“याला पाणी कमी पडलंय,” ते म्हणाले.

दुपारी त्यांनी वरणभातावर त्यातलेच अर्धे लिंबू पिळून घेतले.