उभ्या गाडीचं वय

जुना कॅराव्हॅन ट्रेलर घेऊन रायगडच्या किनाऱ्याने निघायचं असेल, तर आधी थोडं रसायनशास्त्र आणि थोडं भौतिकशास्त्र सोबत घ्यायला हवं.

मांडव्याला रो-रो बोटीतून उतरायचं, अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरूड गाठायचं, आगरदांड्याहून जंगलजेटीने, म्हणजे वाहनं नेणाऱ्या फेरीबोटीने, दिघीला पार व्हायचं आणि दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर असं बाणकोटच्या खाडीपर्यंत उतरत जायचं. रायगडच्या किनाऱ्याचा हा रस्ता मुक्काम करत, रमतगमत जाण्याचा आहे. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाली आणि 2021 मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. तेव्हापासून बिऱ्हाड सोबत घेऊन फिरण्याची कल्पना अनेकांच्या मनात घोळू लागली आहे. आपल्याकडच्या बहुतेक कॅराव्हॅन इंजिनासकट एकसंध असतात, मोटारीमागे ओढायचे ट्रेलर तुलनेने कमी. नव्याची किंमत पाहिली की दोन्हींच्या बाबतीत नजर जुन्या बाजाराकडे वळते.

जुनी मोटार घेताना आपण आधी किलोमीटर विचारतो. ट्रेलरला तो काटाच नसतो. त्याचं आयुष्य बहुतेक उभं राहण्यातच जातं: वर्षातले थोडे दिवस रस्त्यावर आणि उरलेले एखाद्या वाडीत, ताडपत्रीखाली. ‘फारशी वापरलेलीच नाही’ हे विकणाऱ्याचं वाक्य म्हणूनच दिलासा देणारं वाटतं. पण गाडी उभी असली तरी तिच्यातलं लोखंड, रबर, लाकूड आणि बॅटरी यांच्यातल्या रासायनिक क्रिया थांबत नाहीत, आणि समुद्राकाठी तर त्यांचा वेग वाढतो. तेव्हा ट्रेलर किती धावला यापेक्षा तो कुठे आणि किती पावसाळे उभा होता, हे आधी विचारावं.

खारं वारं

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटतात तेव्हा पाण्यातले असंख्य बुडबुडे फुटून सूक्ष्म थेंब हवेत उडतात. वाऱ्याबरोबर ते आत येतात आणि पत्र्यावर बसतात. पाणी वाळतं, मीठ राहतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की हे मीठ हवेतूनच पाणी ओढून घेतं आणि विरघळू लागतं. समुद्री क्षारांतल्या मॅग्नेशियम क्लोराइडला तर 33 टक्के आर्द्रताही पुरते. म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावर पाऊस नसतानाही गाडीच्या पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर असू शकतो.

गंजायला लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन लागतो. लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडतात, ऑक्सिजन ते घेतो, आणि खारं पाणी विजेचं चांगलं वाहक असल्याने ही देवघेव झपाट्याने होते. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे रंग फुगतो, सांधे उसवतात आणि त्या फटीत आणखी पाणी शिरतं.

सर्वात जास्त गंज पाऊस न लागणाऱ्या जागी सापडतो. टपावरचं मीठ पहिल्या सरींतच धुऊन जातं. चेसिसच्या पोटाशी, चाकांवरच्या कमानीत, स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकांना ते वर्षानुवर्षं साचत राहतं. म्हणून ट्रेलर पाहायला जाताना अंथरायला गोणपाट आणि हातात टॉर्च घेऊन सरळ गाडीखाली शिरावं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चेसिसवर ठिकठिकाणी ठोकून पाहावं. धड लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं. नुकताच काळा रंग मारलेला असेल, तर त्याच जागी दुप्पट लक्ष द्यावं.

ट्रेलरचं बाहेरचं आवरण अनेकदा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं असतं आणि त्याला स्टीलचे स्क्रू मारलेले असतात. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. तिच्यात झीज होते ती ॲल्युमिनियमची. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली तर भोक मोठं होऊ लागलं आहे असं समजावं. स्क्रू काढून, जागा साफ करून, नायलॉनचा वॉशर आणि सीलंट घालून तो पुन्हा बसवावा. म्हणजे दोन धातूंमधला संपर्क तुटतो.

पावसाची परीक्षा

या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. ट्रेलरच्या भिंती अनेकदा लाकडी चौकट आणि प्लायच्या असतात. टपाच्या सांध्यातून, खिडकीच्या कडेतून मुरलेलं पाणी आत दिसत नाही. ते चौकटीत राहतं. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या आत असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. त्यापुढे धोका सुरू होतो. खिडक्यांखाली आणि कोपऱ्यांत अंगठ्याने दाबून पाहावं. भिंत दबली किंवा कुबट वास आला, तर आतलं लाकूड गेलेलं असतं. मग निघण्याआधी नळीने पाणी मारून पाहावं. सुरुवात खालून करावी आणि हळूहळू वर जावं, म्हणजे कुठल्या उंचीवर गळती सुरू होते ते नेमकं कळतं.

महाडच्या परिसरात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. जुलै 2021 मध्ये सावित्री नदीच्या पुरात इथे असंख्य गाड्या बुडाल्या, आणि पुरातून निघालेली गाडी धुऊन-पुसून बाजारात येऊ शकते. वायरिंगच्या जोडांमधला हिरवट थर, बिजागऱ्यांत आणि कपाटांच्या तळाशी अडकलेला बारीक गाळ, एकाच उंचीवर फिरलेली डागाची रेघ या खुणा सहसा पुसल्या जात नाहीत. कागदपत्रंही याच वेळी पाहून घ्यावीत. मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची व्याख्या स्वतंत्र आहे. मोटारीच्या कागदांवर त्याचं काम भागत नाही. आरटीओतली नोंदणी आणि हस्तांतर पूर्ण झाल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये.

रबराचं आयुष्य

टायरवर खोल नक्षी दिसली की तो नवा वाटतो. त्याचं खरं वय बाजूच्या भिंतीवर, डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकड्यांत लिहिलेलं असतं. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा.

हवेतला ओझोन रबराच्या लांब साखळ्या तोडतो. तो थोपवण्यासाठी रबरात मेणासारखे संरक्षक पदार्थ मिसळलेले असतात. चाक फिरतं, टायर दबतो आणि सुटतो, तसे ते पदार्थ हळूहळू पृष्ठभागावर येतात. उभ्या गाडीत ही हालचालच होत नाही. म्हणून न धावलेल्या टायरला बारीक भेगा पडतात, आणि सगळा भार महिनोन् महिने एकाच जागी पेलल्याने तो तिथे चपटाही होतो. सहा वर्षं उलटलेला टायर लांबच्या प्रवासाला जाणकाराला दाखवल्याशिवाय वापरू नये. दहा वर्षांचा टायर कितीही चांगला दिसला तरी बदलावा. स्टेपनीलाही हाच नियम.

हवा टायर थंड असतानाच भरावी. तापमान 10 अंशांनी वाढलं की दाब साधारण एक ते दीड पीएसआयने वाढतो. हवा कमी असेल तर टायर जास्त वाकतो, वाकण्याने तापतो आणि तापून फुटतो. मागच्या ट्रेलरचा टायर बसतोय हे चालकाला सीटवर जाणवत नाही, म्हणून हे काम निघण्यापूर्वीच करावं लागतं. चाकं उतरवलीच आहेत तर हबमधलं जुनं ग्रीस काढून बेअरिंग पाहावीत. ग्रीस दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे.

भार कुठे ठेवायचा

बैलगाडी भरणाऱ्याला हे शास्त्र हातानेच माहीत असतं. मागे जास्त भरलं तर गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे जास्त भरलं तर बैलांच्या मानेवर ओझं येतं. ट्रेलरचंही तसंच. त्याच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या हिचवर, म्हणजे मोटारीला जोडणाऱ्या सांध्यावर, यावा, असा अमेरिकेत रूढ झालेला ठोकताळा आहे. युरोपातल्या हलक्या ट्रेलरमध्ये हे प्रमाण कमी ठेवतात. आपली मोटार किती ओढू शकते आणि हिचवर किती भार झेलते, हे तिच्या पुस्तिकेत पाहावं. उत्पादकाने ओढायला मनाई केली असेल, तर तिथेच थांबावं.

भरलेल्या ट्रेलरचं वजन हायवेलगतच्या ट्रकच्या वजनकाट्यावर करता येतं. 800 किलोच्या ट्रेलरचा हिचवरचा भार 80 किलोच्या आसपास येतो, तो घरातल्या काट्यावरही मोजता येतो: सपाट जागी चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावायची, हिचच्या उंचीचा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवायचा आणि हिच त्यावर टेकवायचा. पाण्याची टाकी विसरू नये. 100 लिटर म्हणजे 100 किलो.

वेग वाढला की चुकीचा भरलेला ट्रेलर झोकांड्या खाऊ लागतो. कमी वेगात असं डोलणं आपोआप विरतं. एका मर्यादेपलीकडे मात्र प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि ट्रेलर मोटारीलाच फिरवतो. ही मर्यादा कुठे येईल हे सामानाच्या मांडणीवरही ठरतं. चाकांच्या आसापासून दोन मीटरवर ठेवलेला गॅस सिलिंडर एक मीटरवरच्या सिलिंडरच्या चौपट जडत्व निर्माण करतो, कारण इथे अंतराचा वर्ग मोजला जातो. म्हणून जड सामान खाली आणि आसाजवळ, हलकं सामान टोकांना. झोके सुरू झालेच तर स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय सावकाश काढावा. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असेल तर तेवढाच लावावा.

घाट उतरताना

पुण्याहून येणारे ताम्हिणी उतरून माणगावला येतात. मोटार आणि ट्रेलर मिळून 2,500 किलो वजन 500 मीटर खाली आणायचं, तर सुमारे 12 मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या ऊर्जेत साध्या तापमानाचं 40 लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. ही उष्णता सगळी ब्रेकवर टाकली, तर ती ब्रेक ऑइलपर्यंत पोचते.

ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं. डॉट 4 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की ही हमी 155 अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल थेट तळाला जातं. कोकणच्या दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीचं ब्रेक ऑइल म्हणूनच न तपासता बदलावं. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा, म्हणजे बरीचशी उष्णता इंजिन सोसतं.

आतली हवा

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीलगत साचतो, म्हणून ट्रेलरच्या तळाशी झरोके ठेवलेले असतात. डास-मुंग्या येतात म्हणून ते कधीही बुजवू नयेत. जुनी रबरी नळी लगेच बदलावी आणि जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावं. कार्बन मोनॉक्साइड त्याहून घातक, कारण त्याला वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बंद ट्रेलरमध्ये शेगडी पेटवून झोपू नये. इशारा देणारा भोंगा बसवून घ्यावा. चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही, अगदी लहान मुलानेही बसू नये.

भरतीचं गणित

आगरदांडा–दिघी आणि बागमांडला–वेसवी या जंगलजेटींवर चढताना रॅम्पचा उतार पाण्याच्या पातळीप्रमाणे बदलतो. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचं अंतर असतं आणि उधाणाला पाण्याची चढ-उतार सर्वात जास्त होते. रॅम्प तिरका असताना लांब ट्रेलरची शेपटी किंवा हिच जमिनीला घासू शकते. गाडीची पूर्ण लांबी आधी सांगून कुठली फेरी सोयीची हे जेटीवर विचारावं, आणि चढण्यापूर्वी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा.

पुळणीवर ट्रेलर नेऊच नये. ओल्या वाळूचे कण पाण्याच्या पृष्ठताणामुळे एकमेकांना धरून असतात, म्हणून ती पायाखाली घट्ट लागते. भरतीचं पाणी चढून वाळू पूर्ण भिजली की ती पकड सुटते आणि चाकं रुततात. या किनाऱ्यावर अशा गाड्या लाटांत गेलेल्या आहेत.

एवढं सगळं झालं की एकदम लांब न जाता आधी शंभरेक किलोमीटरची चाचणी फेरी करावी. पहिल्या वीस किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक हबजवळ हात नेऊन पाहावा. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली असेल तर तिथलं बेअरिंग किंवा ब्रेक अडकतो आहे. चाकांचे नट फेरीनंतर पुन्हा आवळावेत, एक रात्र आतच मुक्काम करून दिवे, पाणी, गॅस सगळं वापरून पाहावं, आणि परतल्यावर गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवावं.

रेवदंड्यापुढे कोर्लई, बोर्ली, नांदगाव ही गावं रस्त्याला लागूनच आहेत. त्याच अरुंद रस्त्यावर एसटी असते, मासळीचे टेम्पो असतात, शाळेतून घरी परतणारी मुलं असतात. निखळलेलं चाक किंवा सुटलेला ट्रेलर मालकाचं जेवढं नुकसान करतो, त्याहून मोठा धोका समोरून येणाऱ्याला असतो. पाहुणे म्हणून या गावांतून जाताना आपली गाडी धड आहे याची खात्री करणं हे आपलं त्यांच्याविषयीचं पहिलं कर्तव्य आहे.