नकोशा ग्रंथांचे करावे काय?

ग्रंथ घरात येतो तो एकेक करून, निवडून. घराबाहेर जातो तो मात्र एकाच दिवशी, तराजूवर चढून. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत हा प्रकार आता वारंवार घडू लागला आहे. आजोबांनी जमविलेली कपाटभर पुस्तके नातवंडांना वाचता येत नाहीत, राहती जागा अपुरी पडते, आणि वडीलधारे माणूस निवर्तले की या पुस्तकांचा प्रश्न रद्दीवाल्याच्या हाकेसरशी सुटतो. यात कोणास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. सर्वच पुस्तके राखावीत, असेही आमचे म्हणणे नाही. पुस्तक हातावेगळे करण्यात काही गैर नाही. ते न पाहता हातावेगळे करण्यात मात्र मोठी हानी आहे.

ही हानी आपल्या केंद्रांत विशेष का होते, हे समजून घेतले पाहिजे. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणीच्या कायद्यानुसार छापलेल्या पुस्तकांच्या प्रती सरकारात दाखल होत आणि त्यांच्या तिमाही याद्या प्रसिद्ध होत. परंतु हा कायदा ब्रिटिश अमलाखालील मुलखापुरता होता. पुणे, मुंबई वा बेळगाव येथे छापलेले पुस्तक त्याच्या कक्षेत आले; इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे व हैदराबाद या संस्थानांतील आणि पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातील छापखाने त्या सक्तीबाहेर राहिले. पुढे १९५४ च्या कायद्याने नव्या पुस्तकांच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयांत जाऊ लागल्या, पण मागील उणीव त्याने भरून निघाली नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची अपार परिश्रमाने सिद्ध केली. तथापि जी प्रत कोणाच्या दृष्टीसच पडली नाही तिची नोंद सूचिकार तरी कशी करणार? स्थानिक छापखान्यातून निघालेली एखादी गीतांची चोपडी, शाळेचा अहवाल, नाटकमंडळीच्या पद्यांचे पुस्तक यांची उरलेली प्रत आपल्याच माळ्यावर असण्याचा संभव आहे.

यास्तव विक्रीच्या आधी निवड झाली पाहिजे. सर्व संग्रहाचे चार वाटे करावेत.

पहिला वाटा न विकण्याच्या वस्तूंचा. हस्तलिखित पोथ्या, मोडी कागद, पत्रव्यवहार, स्थानिक मुद्रणालयांतील जुनी पुस्तके, स्थानिक संस्थांची नियतकालिके व अहवाल, आणि जाणत्या वाचकाने समासात टिपणे केलेल्या प्रती यांत येतात. ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित ७५ वर्षांहून जुने असेल, तर १९७२ च्या कायद्यानुसार ते पुरावस्तू ठरते. परवान्यावाचून त्याचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीस ते देशाबाहेरही पाठविता येत नाही. असे साहित्य १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेस दाखवावे. दात्यांच्या सूचीत न सापडणारे छापील पुस्तक याच वाट्यात ठेवावे.

दुसरा वाटा सुस्थितीतील वाचनीय पुस्तकांचा. ती द्यावीत किंवा बदलावीत. तिसरा विकण्याजोग्या पुस्तकांचा: कोश, संपूर्ण संच, पहिल्या आवृत्त्या, पुन्हा न छापलेले ग्रंथ. चौथा खऱ्या रद्दीचा. कालबाह्य क्रमिक पुस्तके, मार्गदर्शिका, बुरशी धरलेल्या व पोखरलेल्या सामान्य प्रती यांना संकोच न बाळगता निरोप द्यावा. वाळवी लागलेले पुस्तक दान देणे म्हणजे वाळवीच दान देणे होय.

आता विक्रीविषयी. जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यास एकेक प्रत महिनोन्‌महिने सांभाळावी लागते. म्हणून तो छापील किमतीचा अल्प अंशच देऊ करतो, यात नवल नाही. त्यातून गावात मराठी वाचक थोडे असले, तर त्याला मराठी पुस्तकाचे मोल ठाऊक नसते व तो वजनावरच भाव करतो. हैदराबादेत आबिड्सच्या पदपथांवर रविवारी भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजार प्रसिद्ध आहे. पण दुर्मिळ मराठी ग्रंथाचे गिऱ्हाईक बहुधा पुण्यामुंबईकडेच मिळावयाचे. तेव्हा पुस्तके नेण्यापूर्वी यादी पाठवावी. तीत ग्रंथनाम, ग्रंथकार, प्रकाशक, स्थळ, वर्ष, आवृत्ती, पृष्ठसंख्या व दोष नमूद करावेत. मुखपृष्ठाच्या आतील पानाचे छायाचित्र सोबत असल्यास उत्तम. संच फोडू नये. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड एकत्र असतील तर त्यांस किंमत आहे. पाचसहा सुटे खंड कोणी विचारीत नाही. फाटलेली पाने चिकटपट्टीने जोडू नयेत. कालांतराने तिचा डिंक कागदात उतरून अक्षरे डागाळतात. स्वतःची प्रत विकण्यास कायद्याची आडकाठी नाही. तिच्या छायाप्रती काढून विकणे मात्र वेगळे, कारण लेखनाचा हक्क ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

अदलाबदलीची परंपरा आपल्याकडे नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले. त्यात पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव फिरत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ साली सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातही शंभर पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे राहते व काही महिन्यांनी दुसऱ्या पेटीशी तिची बदली होते. आपली केंद्रे हेच आपापसांत करू शकतात. इंदूरच्या वाचकाने वाचून संपविलेली पेटी ग्वाल्हेरीस नवीनच असते. नियम मात्र साधे हवेत: पुस्तकास पुस्तक, कादंबरीस कादंबरी, आणि पेटीत यादीची एक प्रत कायम.

दानाविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. न विचारता पोत्यांनी पुस्तके आली म्हणजे ग्रंथपालाची अवस्था ‘घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे’ अशी होते. त्याला जागा, माणूस आणि नोंदवही या तिन्हींची चणचण असते. म्हणून आधी यादी धाडावी, त्याने खुणा कराव्यात, आणि तेवढीच पुस्तके द्यावीत. वडिलांच्या नावाचे स्वतंत्र कपाट हवे, अशी अट घालू नये. पुस्तकाच्या आतील पानावर दात्याचे नाव आले म्हणजे पुरे. दुबार प्रती ग्रंथालयाने पुढे द्याव्यात, अशी लेखी मोकळीक असावी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे व मुंबईचे १८९८ सालचे. अशा जुन्या संग्रहालयांत बहुतेक नामांकित ग्रंथ असणारच. त्यांना आपल्या गावचे पुस्तक कळवावे, आणि लोकप्रिय कादंबऱ्या जवळच्या शाळेला द्याव्यात. सत्पात्री दान म्हणतात ते हेच.

पाठवणीचा खर्च ही खरी अडचण आहे. नोंदणीकृत बुकपोस्टाची सवलत डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. त्यानंतर मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. आरंभीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये व ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असा होता. नियतकालिके तीत बसत नाहीत, आणि पुस्तकावर प्रकाशकाचे वा मुद्रकाचे नाव छापलेले असावे लागते. पाठविण्यापूर्वी टपाल कचेरीत चौकशी करावी.

राहता राहिला प्रश्न हे करावयाचे कोणी. संग्रहाचा मालक हयात असतानाच यादी होणे सर्वांत श्रेयस्कर. कोणते पुस्तक कोठून आले हे तोच सांगू शकतो. मराठीच्या शिक्षकांनी सुटीत दोनचार विद्यार्थी सोबत घेऊन एकेका घरची यादी केली, तर मुलांना ग्रंथाचे अंतरंग व बहिरंग दोन्ही कळेल. प्रत्येक शाखेने दोन सभासद नेमावेत, त्यांतील एकास मोडी वाचता यावी. आणि गावच्या रद्दीवाल्यास आपला शत्रू न मानता सांगून ठेवावे की मराठी पुस्तकांचा ढीग आला तर आधी निरोप धाड, वजनाहून चार पैसे जास्त देऊ. तो ढीग कागदगिरणीकडे रवाना होण्यापूर्वी आपल्या हाती एखादा दिवसच असतो.