तापलेल्या मातीची सव्वीस वर्षे

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात पीटरशॅम गावाजवळ हार्वर्ड विद्यापीठाचे संशोधन-जंगल आहे. तिथल्या पानझडी रानात १९९१ मध्ये जेरी मेलिलो आणि सहकाऱ्यांनी जमिनीत १० सेंटीमीटर खोलीवर विजेच्या तारा पुरल्या. आजूबाजूच्या मातीपेक्षा इथली माती कायम ५ अंशांनी उबदार ठेवायची, एवढेच या तारांचे काम. शेजारच्या काही चौकोनांत तारा पुरल्या, पण वीज सोडलीच नाही. खणल्यामुळे काय बदलले आणि उष्णतेमुळे काय, हे वेगळे कळावे म्हणून. ही काळजी मला फार मोलाची वाटते.

हा सगळा खटाटोप मातीतल्या कर्बासाठी. माती परीक्षणाच्या अहवालात शेतकरी ‘सेंद्रिय कर्ब’ वाचतो, तोच हा. जगातली सगळी झाडेझुडपे आणि वातावरण मिळून जेवढा कर्ब होतो, त्याहून जास्त मातीत आहे. बुरशी आणि जिवाणू पालापाचोळा, मेलेली मुळे कुजवतात आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. माती तापली की त्यांची भूक वाढते.

पहिली दहाएक वर्षे नेमके तेच झाले. तापवलेली माती भराभर कर्ब गमावत गेली. मग जवळपास सात वर्षे फरकच दिसेना. सहज पचणारा कर्ब संपत आला होता. प्रयोग तिथेच गुंडाळला असता, तर ‘माती सरावली’ असा दिलासा घेऊन सगळे घरी गेले असते. तो दिलासा खोटा होता. दरम्यान मातीतले सूक्ष्मजीवच बदलले होते. लिग्निनसारखे चिवट पदार्थही आता कुजू लागले आणि गळती पुन्हा सुरू झाली. नंतर परत शांतता. २६ वर्षांचा हिशेब २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला: वरच्या ६० सेंटीमीटर थरातला १७ टक्के कर्ब गेला होता.

त्याच जंगलातल्या दुसऱ्या प्रयोगात एक जमेची बाजूही दिसली. कुजण्यातून मोकळ्या झालेल्या नायट्रोजनवर झाडे जोमाने वाढली आणि त्यांनी तोट्याचा काही भाग भरून काढला.

उष्ण कटिबंधात चित्र अधिक काळजीचे आहे. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर संशोधकांनी जंगलातली माती ४ अंशांनी तापवली, तेव्हा तिच्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड ५५ टक्क्यांनी वाढला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला हा आकडा दोनच वर्षांच्या मोजणीचा आहे. हार्वर्डच्या हिशेबात दोन वर्षे म्हणजे पहिला टप्पाही पुरा होत नाही.